बंदिवासांतील पत्रें : त्यांचें लेखन, त्यांची वाट व त्यांचें जतन

(१) उपोद्घात

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्या माणसाच्या दारीं पुष्कळदां लोक आपण होऊन कागद घेऊन येतात. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्याकडे एकाच आठवड्यांत असे दोन प्रसंग घडले, व प्रस्तुत लेख हा त्या दोहोंचा परिपाक होय. पहिल्या प्रसंगीं चिमूरच्या बाजूच्या एका गृहस्थांनीं आपल्या आजोबांची सात कार्डें आणून आमच्या पुढें ठेविलीं. हीं कार्डें १९४२ व १९४३ या दोन वर्षांतील असून नागपूरच्या कारागृहांतून घरीं लिहिलेलीं आहेत. दुसऱ्या प्रसंगीं भामरागडच्या अलीकडील एका खेड्यांतून एक वृद्ध बाई आली. तिचा मुलगा पूर्वीं आमच्या हाताखालीं शिकला होता. तो एका खटल्यांत कच्चा कैदी म्हणून कारागृहांत आहे. तिच्या हातांत जुना कागद नव्हता, कोरा होता. "गुरुजी, त्याला चिठ्ठी लिहून द्या जी," एवढेंच तिचें मागणें होतें.

सात जुनीं कार्डें वाचतांना आम्हांस ज्या शंका आल्या, त्यांतील निम्म्यांचीं उत्तरें त्या कोऱ्या कागदानें दिलीं. बंदिवानाचें पत्र कोणत्या हातांतून जातें, त्यांत काय लिहितां येतें व काय येत नाहीं, तें उशिरां कां पोंचतें, हें स्वतः तसें पत्र लिहूं लागल्यावांचून कळत नाहीं. या मासिकाच्या धर्तीच्या नियतकालिकांतून आपण सनदा, महजर, कुळवाडीचीं पत्रें यांची चर्चा करतों. परंतु बंदिवासांतील पत्र हा एक स्वतंत्र लेखप्रकार आहे, व त्याचे स्वतःचे नियम आहेत, याकडे संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. तें वेधणें हा एक हेतु. दुसरा हेतु असा कीं, आपल्या माणसास तुरुंगवास घडणें हा प्रसंग कोणाच्याहि घरीं येऊं शकतो. तो आल्यावर घरच्यांनीं काय करावें, याची साधी माहिती सुशिक्षितांसहि नसते. मग वनप्रदेशांतील निरक्षर कुटुंबांची गोष्ट काय सांगावी?

(२) पूर्वपीठिका

बंदिशालेचा उल्लेख आपल्या वाङ्मयांत प्राचीन आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बंधनागार बांधतांना स्त्रिया व पुरुष यांची व्यवस्था वेगळी असावी असें सांगितलें आहे. तसेंच बाल, वृद्ध, आजारी व अनाथ अशा बंदिवानांस राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस सोडावें असेंहि म्हटलें आहे. मात्र बंदिवान व त्याचें घर यांच्यांतील निरोपाविषयीं शास्त्रकार फारसें बोलत नाहींत. तें काम कवींनीं केलें. कालिदासाचा यक्ष कांहीं तुरुंगांत नव्हता. तो वर्षभराच्या शापानें घरापासून तुटलेला होता. परंतु रामगिरीवरून, म्हणजे बहुतेक पंडितांच्या मतें आपल्या विदर्भांतील रामटेकावरून, त्यानें जो निरोप धाडला, त्यांतून दूतकाव्यांची एक परंपराच निघाली. निरोप परक्याच्या मुखानें जावयाचा, म्हणून तो कसा शब्दबद्ध करावा, हा त्या काव्याचा खरा विषय आहे. आणि बंदिवासांतील पत्राचा विषयहि तोच आहे.

पहारेकरी पेटारे कां उघडून पाहतो, याचें कारण तर मराठी वाचकास सांगावयास नकोच. १६६६ सालच्या आग्र्याच्या प्रकरणापासून आपण तें जाणतों. तेव्हां आजच्या कारागृहाच्या दाराशीं आपल्या डब्याची झडती होते म्हणून कोणीं रागावूं नये.

आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर चांद्याच्या कारागृहाची स्मृति १८५८ पर्यंत मागें जाते. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यानें गोंड, माडिया आदि लोकांस जमवून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यास पकडून २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांदा येथें फांशी देण्यांत आली. कारागृहाच्या आवारांतील पिंपळाशीं ती स्मृति आजहि निगडित आहे. येथें कागदापेक्षां झाड व तोंडची गोष्ट यांनींच साक्ष जपली, ही बाब लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या समाजांत लेखनाची सवय नाहीं, त्यांत बंदिवानाची आठवण कागदावर सांपडत नाहीं. ती अन्यत्र शोधावी लागते.

यानंतरचा मोठा प्रसंग चिमूरचा. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीस, चिमूर येथें मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा बळी पडला. क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारीहि मारले गेले. पुढें फौज आली व गांवावर जो कहर झाला त्याच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भणसाळी यांनीं ६३ दिवस उपोषण केलें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्याच ऑगस्टमध्यें पकडले जाऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत होते. त्यांची सुटका डिसेंबरांत झाली. चिमूर व वर्धा जिल्ह्यांतील आष्टी या दोन्ही खटल्यांत फांशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्या म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं अपार खटपट केली, आणि १९४५ सालीं त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. या तीन वर्षांत किती घरांनीं कार्डाची वाट पाहिली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आमच्या पुढील सात कार्डें त्याच काळांतील आहेत. लिहिणारा फांशीच्या छायेंत नव्हता, त्याची शिक्षा लहान होती. तरी प्रत्येक कार्डांत एक वाक्य समान आहे: मागील पत्राचें उत्तर मिळालें नाहीं.

(३) कांहीं मराठी दाखले

तुलनेसाठीं कांहीं प्रसिद्ध दाखले घेऊं. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेस होते. त्यांस लिहावयास शाई मिळत नसे, पेन्सिल मिळे. आणि सुटीं पानें न देतां बांधलेल्या, पानें मोजलेल्या वह्या देत. गीतारहस्याचा खर्डा त्या वह्यांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत उतरला, व १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला. त्याच बंदिवासांत, १९१२ सालीं, पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता त्यांस कळली. ज्या संग्राहकास तत्कालीन पेन्सिलीचा मजकूर "कच्चा" म्हणून गौण वाटतो, त्यानें हें उदाहरण स्मरावें. तुरुंगांत पेन्सिल ही निवड नव्हे, नियम होता.

अंदमानांत विनायकराव सावरकरांस वर्षास एक पत्र लिहावयाची मुभा होती. वर्षाचें एकच पत्र म्हटल्यावर त्यांत किती भरावें लागे! धाकटे बंधु डॉ. नारायणराव यांस लिहिलेलीं तीं पत्रें पुढें ग्रंथरूपानें आलीं. उलट धुळें येथील तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर जीं प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं बसून उतरून घेतलीं. एक बोलतो, दुसरा लिहितो, ही आपल्या जुन्या पोथ्यांचीच पद्धति होय.

संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा दाखला मात्र १९६५ सालचा आहे, व तो जितका ठाऊक असावा तितका नाहीं. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखालीं मुंबईच्या जिल्हा कारागृहांत स्थानबद्ध होते. तेथें त्यांनीं "अणूच्या अंतरंगांत" नांवाचें विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिलें, व हस्तलिखित प्रसिद्धीसाठीं बाहेर, आपल्या पत्नीकडे, धाडण्याची परवानगी मागितली. सरकारनें ती नाकारली. उच्च न्यायालयानें संझगिरींच्या बाजूनें निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. तेथें ६ सप्टेंबर १९६५ रोजीं सरकारचें अपील फेटाळलें गेलें. तात्पर्य असें: स्थानबद्ध मनुष्यावर जे निर्बंध कायद्यानें घातलेले आहेत तेवढेच, पुस्तक लिहूं व छापूं नये असा निर्बंध नियमांत नसेल तर अधिकाऱ्यानें तो आपल्या मनानें घालूं नये. एका मराठी हस्तलिखिताच्या पायीं देशाच्या कायद्यांत ही भर पडली, ही गोष्ट आम्हां हस्तलिखितवेड्यांनीं तरी विसरूं नये.

(४) पत्राची अंगें

आतां प्रत्यक्ष पत्राकडे वळूं. आपण पोथीची परीक्षा करतों तेव्हां कागद, शाई, समास, पत्रांक, शोधनचिन्हें व पुष्पिका हीं अंगें क्रमानें पाहतों. तुरुंगांतील पत्राचींहि तशीच अंगें आहेत.

पहिलें अंग आधार, म्हणजे कागद. आमचीं सातहि कार्डें त्या काळच्या टपालखात्याचीं नऊ पैंचीं, म्हणजे पाऊण आण्याचीं असून त्यांवर सहाव्या जॉर्जची मुद्रा आहे. नुसत्या मुद्रेवरून वर्ष ठरत नाहीं. टपालाचा शिक्का व मजकुरांतील तिथि ताडून पाहावी लागते.

दुसरें अंग शिक्का व सही. तुरुंगांतून येणारें व तेथें जाणारें पत्र अधिकारी वाचतो व वाचल्याची खूण करतो. पत्रांतील तिथि, तपासनिसाच्या सहीची तिथि व टपालाच्या शिक्क्याची तिथि या तीन निरनिराळ्या असतात. संग्राहक पुष्कळदां शेवटचीच धरून पत्राचा क्रम लावतात व घोटाळा होतो. एका कार्डांत लिहिलेली तिथि व टपालाचा शिक्का यांत आम्हांस एकोणीस दिवसांचें अंतर आढळलें. उत्तर येत नाहीं या वाक्याचा उलगडा तेथें झाला. घरचे आळशी नव्हते, कार्ड टेबलावर पडून होतें.

तिसरें अंग लोप. पोथीचा लेखक चुकीच्या अक्षरावर हरताळ फांसतो व राहिलेलें अक्षर काकपद देऊन समासांत लिहितो. तपासनीसहि ओळीवर काळें फांसतो. परंतु लेखकाचा हरताळ ग्रंथ शुद्ध करण्यासाठीं असतो व हा मजकूर लपविण्यासाठीं. काळ्या ओळीखालीं काय आहे हें काढण्यासाठीं औषधें वापरण्याचा मोह कांहीं संग्राहकांस होतो. तो आवरावा, कागद जातो व बहुधा कांहीं निघत नाहीं. लोपाची जागा व लांबी टिपून ठेवावी, तेवढें पुरे.

चवथें अंग मौन. पत्र तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून जाणार हें लिहिणारास ठाऊक असतें. म्हणून खटला, सोबती, आजार, मारहाण यांविषयीं पत्रांत कांहीं नसलें तर तें नव्हतेंच असें अनुमान काढूं नये. आमच्या कार्डांत "प्रकृति ठीक" हे शब्द सातहि वेळां आहेत. गृहस्थांच्या घरीं मात्र आजोबा सुटून आले ते काठी टेकीत, ही आठवण आहे.

(५) आजची रीति

पूर्वीचें पत्र समजावें म्हणून आजची रीति सांगणें आवश्यक आहे. आणि ज्यांस गरज आहे त्यांस ती तशीहि उपयोगी पडेल.

आपला मनुष्य कोठें आहे हें आधीं नक्की करावें. अटक झाल्यावर त्याच्या नातलगास वा मित्रास कळविण्याचें बंधन पोलिसांवर आहे. तें १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८ व्या कलमांत सांगितलें आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत त्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे, ही तर संविधानाची आज्ञा. तेथून तो पोलीस कोठडींत जातो किंवा न्यायालयीन कोठडींत, म्हणजे कारागृहांत. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुराहून वेगळा झाला. तेथील न्यायालयांत खटला चालला तरी आरोपी चंद्रपूर वा नागपूर येथील कारागृहांत असूं शकतो. म्हणून घरच्यांनीं तीन गोष्टी कागदावर लिहून जवळ बाळगाव्या: बंदिवानाचें संपूर्ण नांव वडिलांच्या नांवासह, त्याचा कारागृहांतील क्रमांक, व खटल्याचा क्रमांक. या तिन्ही असल्या म्हणजे निम्मीं दारें उघडतात.

भेटीस "मुलाकात" म्हणतात. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४० व्या कलमानें कच्च्या कैद्यास आपल्या माणसांस भेटण्याची, व वकिलाशीं तिऱ्हाइताच्या कानाआड बोलण्याची सोय ठरविली. ४१ व्या कलमानें भेटीस येणाऱ्याची झडती ठरविली. पुढें १९८१ सालीं फ्रान्सिस कोरेली मुलिन या स्थानबद्ध बाईच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें कुटुंबीयांस भेटणें हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, व महिन्यास एकच भेट देणारा नियम टिकूं दिला नाहीं. तिची लहान मुलगी बाहेर होती, हें त्या निकालामागचें वास्तव. भेटीचे वार व वेळ प्रत्येक कारागृहाचे वेगळे असतात. ते आधीं विचारून घ्यावे. आतां संगणकावरून "ई-मुलाकात" नांवाच्या सरकारी व्यवस्थेंत नांव नोंदवून भेटीची वेळ मागतां येते, तसेंच पडद्यावरील भेटहि मागतां येते. ज्याच्या गांवांत मोबाइलची लाट पोंचत नाहीं त्यानें तालुक्याच्या ठिकाणीं हें काम करून घ्यावें.

ओळखपत्रावरील नांव हा क्षुद्र दिसणारा, पण जिवावर येणारा विषय आहे. आमच्या त्या बाईचें आधारपत्रावरील नांव एक, मुलानें आंत सांगितलेलें आईचें नांव दुसरें. माडिया घरांत हांक मारण्याचें नांव व शाळेच्या दाखल्यावरील नांव यांत असा फरक नेहमींचा आहे. पर्लकोटेस पूर येण्यापूर्वीं निघावें म्हणून ती पहांटे घरून निघाली, दोन गाड्या बदलून कारागृहाच्या दाराशीं आली, व नांव जुळत नाहीं म्हणून परत फिरली. त्या दिवशीं तिला मुलगा दिसला नाहीं. दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचें प्रतिज्ञापत्र करून घेतल्यावर पुढील खेपेस अडचण आली नाहीं. पाठभेद मिटवावयास आम्ही पोथ्यांच्या चार चार प्रती पाहतों. येथें एका कागदानें काम झालें, पण तो कागद लागतो हें आधीं कोणीं सांगितलें नव्हतें.

वस्तु व पैसे यांचें थोडक्यांत असें. १८९४ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमानें कच्च्या कैद्यास बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण इत्यादि तपासणीनंतर घेण्याची मुभा दिली. परंतु प्रत्यक्षांत काय घेतात हें त्या त्या ठिकाणच्या नियमांवर आहे. विचारल्यावांचून डबा नेऊं नये. पैसे बंदिवानाच्या हातीं द्यावयाचे नसतात. ते त्याच्या खात्यावर जमा होतात व त्यांतून तो उपाहारगृहांतून साबण, तेल, पोस्टाचें पाकीट अशा वस्तु घेतो. पाकिटासाठीं पैसे नसणें हेंहि पत्र न येण्याचें एक कारण असतें. मना केलेली वस्तु आंत नेणें हा गुन्हा आहे. मायेपोटीं नेलेल्या तंबाखूच्या पुडीनेंहि मुलाचेंच नुकसान होतें.

वकिलाविषयीं एकच सांगतों. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें कोठडींत असलेल्या मनुष्यास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, मोफत विधिसाहाय्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारांतील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेंहि विचारतां येतें. तसेंच वरील संहितेच्या ४७९ व्या कलमानें, ज्या गुन्ह्यास फांशी वा जन्मठेप सांगितलेली नाहीं अशा गुन्ह्यांत कमाल शिक्षेचा अर्धा काळ कोठडींत गेलेल्या कच्च्या कैद्यास, व पूर्वीं कधींच दोषी न ठरलेल्यास एक तृतीयांश काळानंतर, सुटकेचा मार्ग मोकळा केला आहे; एकाहून अधिक खटले चालूं असल्यास मात्र तो लागू होत नाहीं. म्हणून अटकेची तारीख घरीं भिंतीवर लिहून ठेवावी. शिक्षा झालेल्यांसाठीं संचित रजा व अभिवचन रजा असे दोन प्रकार आहेत. त्यांचे अर्ज वेगळे, नियम वेगळे.

(६) पत्र कसें लिहावें : आमची एक चूक

भेट महिन्यांतून एखादी, तीहि घटकाभराची. उरलेले दिवस पत्रावर काढावे लागतात. याविषयीं आमचा अनुभव सांगतों; तो आमच्या विद्वत्तेस भूषणावह नाहीं.

पहिलें पत्र आम्हीं सुरेख लिहिलें. आरंभीं आशीर्वाद, मध्यें धीराचे चार शब्द, एक सुभाषित, शेवटीं प्रकृतीस जपण्याची सूचना. बाई समोर बसून मुंडी हालवीत होती. तीन आठवड्यांनीं मुलाचें उत्तर आलें. त्यानें नम्रपणें लिहिलें होतें: "गुरुजी, अक्षर तुमचें आहे आणि बोलणेंहि तुमचेंच आहे. माय कशी आहे तें मला कळलें नाहीं."

आम्ही चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों कीं, प्रत करणारानें मूळास हात लावूं नये. जसें पाहिलें तसेंच उतरावें, असें पोथ्यांचे लेखक पुष्पिकेंत सांगत आले आहेत. आणि प्रत्यक्ष एका आईचें बोलणें उतरतांना आम्हीं तें पुसून आपलें लिहिलें! दुसऱ्या वेळीं आम्हीं तिला बोलूं दिलें व शब्द न बदलतां लिहिलें. कांहीं शब्द माडिया, कांहीं इकडच्या मराठींतले. लाल कोंबडी खुडूक बसली. पऱ्हे निघाले, रोवणीस माणसें नाहींत. काकाचा बैल लंगडतो. तुझी गादी उंदरांनीं कुरतडली, मी शिवली. यांत धीराचा एकहि शब्द नव्हता. उत्तर या वेळीं दोन पानांचें आलें, व त्यांत बैलाच्या खुरास काय लावावें तें लिहिलें होतें. बंदिवानास आपण घरच्या कामास अद्याप लागतों हें कळणें, यापेक्षां मोठा धीर आम्हांस ठाऊक नाहीं.

यावरून आम्हीं स्वतःपुरते कांहीं नियम ठरविले आहेत. पत्राचा दिवस नेमका ठेवावा. मोठें पत्र कधीं तरी धाडण्यापेक्षां लहान पत्र ठरल्या दिवशीं जाणें चांगलें. खटल्याविषयीं पत्रांत अवाक्षर लिहूं नये, तें वकिलामार्फत बोलावें. थट्टा, खुणेचे शब्द, आडनांवांचे संक्षेप टाळावे. तपासनिसास जें कळत नाहीं त्याचा त्यास संशय येतो, व माडियांतील वाक्य असल्यास त्याचा अर्थ शेजारीं मराठींत द्यावा. वाईट बातमी दडवूं नये. परंतु ती भेटींत सांगतां येण्याजोगी असेल तर पत्रावर सोडूं नये. मुलांचें चित्र, शेताची एखादी मोजणी, असें कांहीं तरी प्रत्येक पत्रांत असावें. आणि शेवटचा नियम पोथ्यांनीं शिकविलेला: पत्रांस क्रमांक घालावा व प्रत ठेवावी. पानाच्या पाठीवरील समासांत पत्रांक घालण्याची जुनी चाल होती, म्हणूनच सुटें पान गळालें तर कोणतें गळालें हें आज आपल्यास सांगतां येतें. आमचें पांचवें पत्र मुलास मिळालें नाहीं. सहाव्याच्या उत्तरांत त्यानें विचारलें, "चारानंतर सहा कसें?" प्रत होती, ती पुन्हां धाडली. चिमूरच्या सात कार्डांवर क्रमांक नाहींत. मूळांत तीं सात होतीं कीं सतरा, हें आतां कोणी सांगूं शकत नाहीं.

जेथें भेटच दुर्घट असते तेथें कागद किती ओझें वाहतो, याचा अलीकडील दाखला प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचा आहे. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानें ७ मार्च २०१७ रोजीं त्यांस जन्मठेप दिली. चाकाच्या खुर्चीवरील हा मनुष्य नागपूरच्या कारागृहांत असतां २०२० सालीं त्यांची आई वारली. रजा नाकारली गेल्यानें त्यांस अंत्यदर्शनास जातां आलें नाहीं. त्यांनीं आंतून लिहिलेल्या कविता व पत्रें २०२२ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. ५ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांस निर्दोष ठरविलें, व त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला ते निवर्तले. त्यांच्या मतांविषयीं वाचकांचें मत कांहींहि असो. आईस न दिसतां राहिलेल्या मुलाचा कागद कसा असतो, हें पाहण्यास मतैक्याची गरज नाहीं.

(७) जतन व संग्राहकाचा धर्म

अशीं पत्रें हातीं आल्यास पुढील गोष्टी कराव्या. पाकीट टाकून देऊं नये. अर्धा इतिहास शिक्क्यांत असतो. घडी जबरीनें उलगडूं नये. चिकटपट्टी लावूं नये व पातळ काचकागदांत पक्कें बंद करूं नये; दोन्हींनीं कागद कायमचा बिघडतो. भेटीच्या पावत्या जपावयाच्या असल्यास त्यांची लगेच नक्कल करावी. उष्णतेनें छापलेला असा कागद थोड्याच वर्षांत कोरा होतो. पेन्सिलीचा मजकूर चोळला जाऊं नये म्हणून मध्यें स्वच्छ, आम्लरहित कागद घालावा. यादी करतांना लिहिणार, घेणार, तिन्ही तिथि, शिक्के व लोप हे रकाने ठेवावे.

हें झालें तंत्र. धर्म याहून कठीण आहे. सनद ही मिरविण्यासाठींच लिहिलेली असते; बंदिवानाचें पत्र एका माणसासाठीं लिहिलेलें असतें, व तें एकदां परक्यानें वाचलेलेंच असतें. आपण वाचणारे दुसरे परके. म्हणून कुटुंबाच्या संमतीवांचून तें छापूं नये, मोल देऊन गरजवंताकडून काढून घेऊं नये, आणि लिहिणारा वा त्याचीं मुलें हयात असतील तर नांवें झांकावीं. आम्हीं स्वतः त्या सात कार्डांचा लोभ धरला होता हें कबूल करतों. गृहस्थ तीं मंडळास द्यावयास तयारहि होते. परंतु त्यांच्या आईनें विचारलें, "नक्कल घेतली तर तुमचें अडेल कां?" अडणार नव्हतें. नक्कल करून, यादी जोडून, मूळ कार्डें तिच्या स्वाधीन केलीं.

(८) उपसंहार

सारांश, बंदिवासांतील पत्राचें मोल त्यांतील मजकुरापेक्षां त्याच्या प्रवासांत आहे. तो प्रवास ज्यास ठाऊक नाहीं त्यानें "प्रकृति ठीक" याचा अर्थ ठीक असाच केला, तर नवल नाहीं. ज्या वाचकांपाशीं चांदा, वर्धा वा भंडारा या बाजूंचीं १९४२ च्या काळांतील अशीं कार्डें असतील त्यांनीं निदान त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद घरींच राहूं द्यावे.

त्या बाईचा मुलगा अद्याप आंत आहे. खटल्याची तारीख पुढें गेली आहे. दर पंधरवड्यास ती येते, ओटीवर बसते, व आम्ही लिहितों. काल अकरावें पत्र टपालांत पडलें. त्यांत धान कापून झाल्याचें व काकाचा बैल आतां नीट चालत असल्याचें वर्तमान आहे.